थम्ब मशीन आपटलं त्याच्या पुढचे आठ महिने

११ मार्च २०२५, मंगळवार. तारीख पाठ आहे कारण त्या दिवशी फुटलेल्या थम्ब मशीनचा तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, आधारवर पैसे काढून देणं, जे येईल ते. वय ३९. माझा राग हा गल्लीत सगळ्यांना माहिती असलेला विषय, आई तर कौतुकानं सांगायची की आजोबावर गेलाय, नाकावर राग आहे नुसता. मीही तसंच धरून चाललो होतो, स्वभावच असा म्हणल्यावर त्याला कोण काय करणार. आता हे लिहायलोय ते एवढ्यासाठी की तेव्हा कुठं जायचं, काय लागतं, किती चकरा होतात हे सांगणारं मला कुणी भेटलं नाही. दिवसभर लोकांना कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगतो आणि स्वतःची खिडकी माहीत नव्हती.

तर त्या दिवशी सकाळपासून सर्व्हर चालू-बंद चालू-बंद, बारा वाजून गेलेले, पोटात सकाळपासून फक्त चहा, दुकानात पंधरा-वीस माणसं आणि सगळी माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडं बघायलेली. एक आज्जी श्रावणबाळचे १५०० रुपये काढायला आल्या होत्या. अंगठा लावला, फेल. तर्जनी, फेल. ओल्या फडक्यानं बोटं पुसली, खोबऱ्याचं तेल लावलं (ही बाटली आमच्या धंद्यात कायम काउंटरवर असते), परत फेल. पाचव्यांदा फेल आलं आणि मी मशीन उचलून काउंटरवर आपटलं. सगळं दुकान गप्प झालं. आज्जींनी हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, “लेकरा, माझ्या बोटाचा कामून राग करायलास? तीस वर्स ऊस तोडलाय त्यांनी.”

मी सॉरीसुद्धा म्हणलो नाही. शटर अर्धं ओढलं आणि मागं जाऊन बसलो.

नवीन मशीन २८०० ला पडलं, ते जाऊ द्या. संध्याकाळी घरी आलो, गाडी लावता लावता खिडकीतून दिसलं की पोरानं टीव्ही पटकन बंद केला आणि पुस्तक उघडून बसला, पुस्तक उलटं होतं. म्हणजे माझ्या गाडीच्या आवाजावर हे रोजचं चाललेलं असणार. मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दोन दिवसांनी होळी होती, १३ मार्च. रात्री सगळे झोपल्यावर गच्चीवर जाऊन १४४१६ ला फोन लावला. हा टेली मानसचा नंबर, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास आणि फुकट. मराठी निवडता येते. नंबर मला माहीत होता कारण त्याचं पोस्टर माझ्याच दुकानात मीच चिकटवलंय. पलीकडच्या ताईंनी वीसेक मिनिटं ऐकून घेतलं, मध्येच विचारलं की स्वतःला किंवा कुणाला इजा करावी वाटते का, मी नाही म्हणलो, तेव्हा त्यांनी मनोविकार ओपीडीत एकदा दाखवून या असं सांगितलं. मी विचारलं, रागासाठी? त्या म्हणाल्या, रागासाठीच. मला वाटलं होतं हसतील.

१८ मार्चला पहिली चकर. आमच्या गावापासून बसनं तासाभरावर एक मोठा सरकारी दवाखाना आहे. सातच्या गाडीनं गेलो, बायकोला तालुक्याला सामान आणायला चाललोय असं खोटं सांगून. (आपण राहतोय तेच तालुक्याचं गाव, हे तिनं नंतर सुनावलं.) केसपेपरच्या रांगेत सव्वा तास. केसपेपर मोफत निघाला, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत केलेत. मेडिकल कॉलेजचे दवाखाने वेगळ्या खात्याकडं येतात, तिथं हा नियम धरून जाऊ नका. आणि आभा कार्ड (सरकारी आरोग्य खात्याचा नंबर असलेलं कार्ड) मोबाईलमध्ये असेल तर बऱ्याच ठिकाणी क्यूआर स्कॅन करून टोकन मिळतं, रांग वाचते. मी शेकड्यानं लोकांची आभा काढून दिलीत, माझं स्वतःचं नव्हतं, म्हणून उभा राहिलो.

ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलो तर शेजारी आमच्याच गावचे किराणावाले काका. दोघांची नजरानजर झाली. ते म्हणाले, “कुणाला दाखवायचंय?” मी म्हणलं, बीपी. ते म्हणाले, मलाबी बीपीच. मग तासभर दोघं बीपीवर बोलत बसलो, डोक्यावर पाटी ‘मनोविकार विभाग’.

डॉक्टरांनी सात-आठ मिनिटंच दिली पण प्रश्न नेमके होते. झोप किती? पाच तास. चहा? मोजला तर अकरा कप. दारू, गुटखा? दारू नाही, गुटखा होता. बीपी खरंच निघालं, १४८/९६. साखर आणि थायरॉइड करायला लावलं, थायरॉइड वाढलेलं असलं तरी माणूस चिडचिडा होतो म्हणे. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टर म्हणाले सध्या गोळीची गरज नाही, बीपी महिनाभर मोजत राहा आणि सायकॉलॉजिस्ट मॅडमकडं जा. खरं सांगू, मी नाराज झालो. एक दिवसाचा धंदा बुडवून गेलो आणि गोळीसुद्धा नाही. आपल्याकडं गोळी मिळाली तरच दवाखान्यात गेल्यासारखं वाटतं.

मॅडमची तारीख मिळाली २७ मार्च, गुरुवार. त्या दिवशी चाळीस मिनिटं मिळाली. मी सगळी कहाणी सांगितली आणि शेवटी म्हणलं, मॅडम माझा स्वभावच तापट आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, “तहसीलमधल्या साहेबांवर शेवटचं कधी चिडलात?”

मी गप्प. साहेबांनी दोन-दोन तास ताटकळत ठेवलंय, सगळ्यांसमोर आवाज चढवलाय, मी प्रत्येक वेळी हो साहेब, करतो साहेब.

“मग स्वभाव तिथं कुठं जातो?”

हा प्रश्न मला बसमध्ये, घरी, रात्री, सगळीकडं पुरला. मॅडमनी वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाचं काम सांगितलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाळी शिबिरातल्या पोरांचं दिवसेंदिवस निरीक्षण केलं, तर एखादं पोरगं सोबत्यानं चिडवलं की मारायला उठायचं पण मोठ्यांनी दटावलं तर गप्प ऐकायचं, आणि दुसऱ्या पोराचं बरोब्बर उलटं. नुसतं सरासरी काढून ‘हा भांडखोर’ म्हणलं तर दोघं सारखेच दिसतील. प्रत्येकाचा ‘असं झालं की तसं’ हा नमुना मात्र वेगळा आणि बऱ्यापैकी पक्का असतो. मला लगेच दुकानातला पोऱ्या आठवला. सर्व्हर गेला, गर्दी बोंबलायली तरी हा कानात एक इयरफोन घालून गाणं गुणगुणतो, आणि बँकेच्या मॅनेजरचा फोन आला की याच्या हाताला घाम सुटतो, फोन माझ्याकडं ढकलतो. आम्ही दोघं एकाच दुकानात, एकाच दिवसात.

घरचा अभ्यास मिळाला. वही करायची: वेळ, काय झालं, मनात काय वाक्य आलं, राग दहापैकी किती, मग काय केलं. मी दोनशे पानी आणली, बायकोनं विचारलं कशाला, तेव्हा सगळं सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, “अहो, मग दोनशे पानं पुरतील का?”

१२ एप्रिलला चैत्र पौर्णिमा, येरमाळ्याच्या येडाईच्या यात्रेला सगळं घर जीपनं निघालं. ऊन बेचाळीसच्या पुढं, जीपमध्ये तेरा माणसं, आणि थोरल्या भावानं बांधाचा विषय काढला. बांध म्हणजे काय ते मराठवाड्यात सांगायची गरज नाही. मी ठरवलं की आज चिडायचंच नाही, दात आवळून बसलो, हसत होतो म्हणे, दर्शन झालं, जेवणं झाली, सगळे खूश. रात्री घरी आलो आणि चटणीत मीठ जास्त झालं म्हणून बायकोवर असा ओरडलो की शेजारचा लाइट लागला. वहीत लिहिलं: राग ९.

१७ तारखेला मी हे मोठ्या अपराधीपणानं सांगितलं, आणि जीपमध्ये कसा कंट्रोल केला तेही. मॅडमनी तोच धागा पकडला. जेम्स ग्रॉस म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९८ मध्ये भावना सांभाळण्याचे पाच टप्पे मांडले, ते मॅडमनी केसपेपरच्या मागं काढून दाखवले. परिस्थितीत जायचं की नाही ते ठरवणं, गेलो तर तिच्यात काही बदल करणं, लक्ष कुठं ठेवायचं, तिचा अर्थ काय लावायचा, आणि सगळ्यात शेवटी, भावना अंगात आल्यावर ती चेहऱ्यावर दिसू न देणं. मी आयुष्यभर फक्त शेवटच्या टप्प्यावर मेहनत घेत होतो. ग्रॉसच्या प्रयोगांत लोकांना किळसवाण्या फिल्म दाखवल्या, काहींना सांगितलं चेहरा कोरा ठेवा. चेहरा कोरा राहिला, पण आतली किळस कमी झाली नाही आणि अंगावरचा ताण उलट वाढला. ज्यांना आधीच वेगळ्या नजरेनं बघायला सांगितलं होतं त्यांना मुळात किळसच कमी वाटली. म्हणजे साहेबासमोर आणि जीपमध्ये मी जे करायचो त्याला मी कंट्रोल म्हणत होतो, आणि ते बिल संध्याकाळी बायकोच्या नावानं फाटत होतं.

मी म्हणलं मग मोकळं ओरडून टाकलेलं बरं का? मी तर कधी कधी राग काढायला गाडी फुल्ल स्पीडनं नदीपर्यंत पळवतो. तर तेही नाही. २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र करून बघितलेत, त्यात जे जे अंग तापवतं त्यानं राग कमी होत नाही, पळण्यानं तर कधी वाढतोसुद्धा, आणि श्वास, शवासन, ध्यान असलं जे अंग थंड करतं त्यानं कमी होतो. मग चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, हे सुरू झालं. पहिले पंधरा दिवस मला फक्त झोप आली. तीही लागतच होती म्हणा.

पुढची तारीख पडली १ मे. गेलो, तर ओपीडीला कुलूप, महाराष्ट्र दिन. रोज लोकांना सुट्ट्या बघून यायला सांगणारा मी. तारीख लिहून घेताना कॅलेंडर बघा, येण्याजाण्याचे शंभर रुपये आणि अर्धा दिवस वाचेल.

८ मेला प्रश्नावली भरली, स्वभावाची. ‘मला लहानसहान गोष्टींचं टेन्शन येतं’, ‘कामं मी यादी करून करतो’ असली वाक्यं, एक ते पाच टिक करायचं. मला भीती होती की काहीतरी आजाराचं नाव निघेल. निघालं असं की माझी भावनिक अस्थिरता बरीच वर आहे, आणि शिस्तीची, नेटकेपणाची आवड त्याहून वर. मॅडम म्हणाल्या स्वभावातला फरक साधारण ४० ते ५० टक्के आनुवंशिक असतो असं जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं, तेव्हा आजोबांचा हात आहेच, पण तुमची गोम या दोन गोष्टी एकत्र असण्यात आहे. सगळं ओळीत लागतं, आणि बसलाय अशा धंद्यात जिथं काहीच ओळीत नसतं. सर्व्हर, ओटीपी, लोक, कशावरच हुकमत नाही. मला त्याचं एकदम हलकं वाटलं. काळ्या रानात आणि मुरमाडात पाऊस सारखाच पडतो, पाणी कुठं साचतं ते रानावर.

बायकोचंही बोलणं निघालं. आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी मोटार जळली तर ती दहा मिनिटं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलते आणि अकराव्या मिनिटाला हसत असते. मी तीन दिवस अबोला धरतो. मला वाटायचं मी तिच्यापेक्षा समजदार आहे.

मग मॅडम महिनाभर रजेवर. मध्ये एकदा खाजगीत जाऊन आलो, ६०० रुपये, माणूस भला होता पण सगळं परत पहिल्या दिवसापासून सांगावं लागलं आणि त्यातच वेळ संपला. जमलं तर एकच माणूस धरा, आणि वही सोबत न्या, तोंडी सांगताना आपण आपल्या बाजूनं वकिली करतो.

वहीनं जे दाखवलं ते मला कुणी सांगून पटलं नसतं. अडीच महिन्यांत सातच्या वरचे राग बावीस, त्यातले पंधरा साडेअकरा ते दीडच्या मधले. उपाशीपोटी. उरलेल्यांतले चार भावाच्या फोननंतरचे. आणि ‘मनात काय वाक्य आलं’ या रकान्यात तीच तीच दोन वाक्यं: ‘मुद्दाम करायलेत’ आणि ‘मला येडा समजायलेत’. मॅडमनी ११ मार्चचं पानसुद्धा आठवून लिहायला लावलं. मी प्रामाणिकपणे लिहिलं: ‘ही मुद्दाम बोट नीट ठेवत नाही.’ लिहिलं आणि त्याकडं बघत बसलो. कोयता धरून ठशाच्या रेषा झिजलेली बाई, आणि ती म्हणे मुद्दाम.

१२ जूनपासून दुकानात बदल केले, सगळे साधे. खुर्ची भिंतीला लावली, आता माझ्या मागं कुणी उभं राहू शकत नाही. पुठ्ठ्याचे टोकन केले, एक ते चाळीस. साडेबारा ते एक दुकान बंद, दोन भाकरी आणि काहीतरी कोरड्यास, मग जग बुडू दे. भावाचा फोन रात्री आठनंतरच उचलायचा. आणि ‘असं झालं की तसं’ आधीच ठरवून ठेवायचं: सर्व्हर गेला की मी उठणार आणि बाहेर पाटी लावणार, ‘सर्व्हर बंद आहे, नंबर लिहून जा, चालू झाला की फोन करतो.’ निम्मी गर्दी पाटीनंच गेली. लोकांना नुसतं कळायला पाहिजे असतं, मीही त्यांच्या जागी असतो तर ओरडलोच असतो. घरी बायकोनं नियम केला, आल्यावर दहा मिनिटं ओट्यावर बसायचं, कुणी काही विचारायचं नाही, मीही नाही.

एवढं करून जुलैत रिमोट फोडला. पोराचा पाढा चुकला म्हणून. मला वाटलं संपलं सगळं, पहिले पाढे पंचावन्न. १७ जुलैला मॅडमनी फक्त वहीतली मागची तीन पानं उलटली: विम्याच्या कामामुळं सलग तीन रात्री चार-चार तास झोप. त्यांनी रागाचं काही बोललंच नाही, झोपेचंच बोलल्या. पोराला मी सॉरी म्हणलो, आयुष्यात पहिल्यांदा. तो म्हणाला, “पप्पा, रिमोटचे सेल तरी निघतील का?”

शेवटची चकर ११ सप्टेंबरला झाली. बीपी १३२/८६. मॅडम म्हणाल्या आता लागेल तेव्हा या. एकूण हिशोब सांगतो: सरकारी सात चकरा आणि त्यात एक वाया, प्रवास साधारण ७००, खाजगीचे ६००, मशीनचे २८००, आणि बुडलेला धंदा मोजला नाही.

आणि खरी परीक्षा त्याच्या पुढं आली. सप्टेंबरमध्येच अतिवृष्टी झाली, मांजरा, सिंदफणा सगळ्या फुगल्या, सोयाबीन पाण्यात, माती वाहून गेलेली. अनुदानासाठी लोक कागदं घेऊन यायला लागले, आणि त्यातच लाडक्या बहिणीची ई-केवायसी. बाईचा ओटीपी आणि वर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा ओटीपी. नवऱ्याच्या आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला, किंवा नंबर चालू पण नवरा टोळीबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात. बाई इकडून फोन लावते, तो फडात, रेंज नाही, आणि ओटीपीची मुदत संपून जाते. माणसं रडकुंडीला आली की माझ्यावरच ओरडायची, मी समोर होतो म्हणून. त्या दोन महिन्यांत आठच्या वरचे राग चार झाले. शून्य नाहीत. एका माणसाला दुकानातून हाकललं, आणि ते मला अजूनही बरोबरच वाटतं, मॅडमना सांगितलं नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या आज्जी आल्या. मधले आठ महिने दुसरीकडं जायच्या, तिथला पोरगा गावाला गेला होता म्हणून आल्या, दारातच थांबल्या. मी टोकन न देता आत बसवलं, तेलाची बाटली काढली. अंगठा, फेल. तर्जनी, फेल. तिसऱ्यांदा फेल आलं तेव्हा मला मानेपासून गरम चढताना कळलं, तेवढं कळायला लागलंय आता. मी उठलो, माठातलं पाणी आणून त्यांना दिलं, स्वतः प्यालो, चार आत सहा बाहेर, आणि म्हणलं, “आज्जी, मागं मशीन आपटलं ते चुकलं माझं.”

त्या म्हणाल्या, “आपटायचंच हाय ते. मला लई वेळा वाटतंय.”

पैसे त्या दिवशी निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी नसताना परत बोलावलं, डाव्या हाताच्या करंगळीच्या शेजारच्या बोटावर निघाले. वहीत त्या बोटाचं नाव लिहून ठेवलंय, पुढच्या महिन्यासाठी.